किरायाचं घर घेताना या चुका टाळा: दुरुस्ती आधी, टेम्पो नंतर

"करून देतो ना भाऊ, टेन्शन काहून घेता? तुम्ही सामान तर आणा!" नागपुरात किरायाने घर घेणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं. भाडेकरार करून देणं हे माझं कामच, त्यामुळे मी ते नेहमी ऐकतो आणि पुढचा तमाशाही पाहतो. सामान उतरेपर्यंत गरज मालकाला असते, उतरलं की तुम्हाला. मग त्याचा प्लंबर नेमका गावाला गेलेला असतो.

ताज्या रंगाला भुलणं

आपल्याकडे घरं बघायचा हंगाम एप्रिल-मे. पारा ४५ च्या आसपास, भिंती ठणठणीत कोरड्या. त्यावर नवी पुट्टी, नवा रंग, की सगळेच खूश.

मनीषनगरकडच्या एका जोडप्याने असाच वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. करार करायला आले तेव्हा मी विचारलं, "गच्चीवर जाऊन आलात?" नवरा म्हणाला, "गच्ची कशाला बघायची? आम्हाला काय तिथे राहायचंय?" टेम्पो ठरला होता, घाई होती. जूनअखेर दोन दिवस झड लागली आणि बेडरूमच्या भिंतीवर फुगे आले. मग पुट्टीच्या पापड्या पडू लागल्या, मागून जुना काळा ओघळ दिसला. त्याच भिंतीला टेकवलेलं प्लायवूडचं कपाट खालून फुगलं. मालक म्हणाला, "देताना भिंत चांगली होती, तुम्हीच काही केलं असेल." आधीचा फोटो नाही, लिहिलेलं काही नाही. घर सोडताना 'रंगकामाचे' म्हणून डिपॉझिटमधूनही पैसे कापले गेले.

मी घर बघायला गेलो की हॉल शेवटी बघतो. आधी गच्ची: स्लॅबला भेगा आहेत का, पाणी जायचा पाइप तुंबलाय का, टाकीखाली शेवाळ आहे का. मग खाली भिंतीतल्या कपाटाचा मागचा कोपरा, कारण रंगारी तिथे हात आखडता घेतो. आणि स्विचबोर्डचे स्क्रू. कोरड्या भिंतीतल्या बोर्डाचे स्क्रू असे गंजत नाहीत.

'करून देतो' वर विश्वास ठेवणं

तोंडी आश्वासन मोडलं तर तुम्ही फार तर चिडू शकता. कामांची यादी करारातच घाला: कोणतं काम, कोणाच्या खर्चाने, कोणत्या तारखेपर्यंत. मी आणखी एक ओळ टाकायला लावतो: भाडं किल्ली मिळाल्यापासून नाही, काम पूर्ण झाल्यापासून सुरू. मालक या ओळीवर अडला, तर काम होणार नाही हे तिथेच कळतं. डिपॉझिट पूर्ण देऊन मग यादी काढणाऱ्यांना माझ्याकडे उपाय नाही.

मनाने भाडं कापणं

हा शॉर्टकट मोबाइलवरच्या फॉरवर्डमधून येतो. "कायद्यात आहे, दुरुस्ती करा आणि भाड्यातून वळती करा." आहे, पण अर्धंच वाचलेलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. त्याने हयगय केली तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो. मात्र वर्षभरात कापलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. १२,००० भाडं असेल तर वर्षाचे १,४४,०००, म्हणजे मर्यादा ३६,०००. बिलं जपून ठेवा, खर्चाचा हिशोब त्यांवरच ठरतो. नोटीस स्पीड पोस्टने, पावतीसकट.

आता खरी मेख. हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि तेही करारात उलट काही लिहिलेलं नसेल तरच. आपल्याकडचे बहुतेक ११ महिन्यांचे करार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे फक्त राहायच्या परवानगीचे असतात. त्यात तुम्ही कागदोपत्री भाडेकरू नसताच, परवानाधारक असता. मग कलम १४ च्या भरवशावर राहू नका, करारात जे लिहाल तेच कामाचं. आणि छापील मसुद्यात "सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने करावी" असं एक वाक्य हमखास असतं. सही करण्याआधी ते खोडून घ्या. पानं न उलटता "सही कुठे करायची?" विचारणाऱ्या पोरांना मी हल्ली ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो.

बाकीच्या, थोडक्यात

कूलर लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पाण्याच्या कूलरला अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यात उद्यावर ढकलणं नाही.

मीटरचं रीडिंग आणि घराच्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ किल्ली घेताना काढा आणि तेव्हाच मालकाला पाठवा.

थकबाकी आहे का ते मागच्या वीजबिलावर बघा.

भांडण झालं म्हणून मालकाने भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडली, तर ते त्याच कायद्याच्या कलम २९ खाली चालत नाही.

स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागवू नका. कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणं सक्तीचं आहे, लिव्ह अँड लायसन्सचाही, आणि जबाबदारी मालकाची. हे आता आधारवरून ऑनलाइन होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. दुरुस्तीची यादी त्याच करारात जोडा, वेगळ्या कागदावर नको.