गणपतीत मनीचा बंदोबस्त

चाकरमानी आले की आमच्या कुडाळच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. रात्रभर भजन, फुगड्या, वर पोरांचे फटाके. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60च्याही पुढचा. मनी दरवर्षी भर पावसात कौलांवर पळायची.

यंदा चतुर्थीच्या बरंच आधी भाताच्या कणगीची मागची खोली तिला देऊन टाकली. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवला, तोंड भिंतीकडे, आत आईचं न धुतलेलं जुनं लुगडं. ओळखीच्या वासाने ती तिथे रुळली. एका कोपऱ्यात शी-शूसाठी माती भरलेलं घमेलं, त्यापासून लांब खाणं-पाणी. खिडकीला गोणपाट लावलं आणि पंखा चालूच ठेवला. त्याच्या घरघरीत बाहेरचा दणका बराच बुजतो. दाराला वर कडी, कारण पोरांना सांगून काडीचा उपयोग नाही.

माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या रानफुला-फळांच्या चौकटीला, कळलावी बांधतात. तिच्यात कोल्चिसिन हे विष असतं, कंद तर जहरच. मनीच्या तोंडी लागू नयेत म्हणून गळलेली फुलं-पानं येता-जाता उचलायचं काम माझ्याकडे घेतलं.

विसर्जनाच्या रात्री फटाके थांबल्यावरही दार लगेच उघडलं नाही. आता पुढच्या वर्षीसाठी प्रश्न एकच उरलाय: आरतीला मनीला कडेवर घेऊन दर्शन घडवायचा काकूंचा हट्ट.