कराटूत इराक्व शेतकऱ्यांकडे जायचंय?

टांझानियाच्या सहलीत इराक्व या शेतकरी जमातीच्या वस्तीची भेट शेवटच्या दिवशी ठेवली की हमखास कापली जाते. त्यापेक्षा मान्यारा राष्ट्रीय उद्यानाहून कराटू गावाला पोचाल त्याच दुपारी जा. कराटू गोरोंगोरो या संरक्षित क्षेत्राच्या फाटकाच्या अलीकडेच आहे, त्यामुळे तिथलं प्रवेश शुल्क सुरू होत नाही.

वाटाड्या गावातलाच मागा. जेवणार असाल तर शाकाहारी असल्याचं आदल्या दिवशीच कळवा. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत घेवडा नि पालेभाजी, आपलं मस्त भागतं. शिलिंगच्या सुट्या नोटा ठेवा. जुन्या पद्धतीचं घर उतारात खणून बांधलेलं, वर मातीचं छप्पर. आत अंधार असतो, म्हणून बॅटरी हाताशी असू द्या. मार्च ते मे पावसाचे, लाल चिखल बूट सोडत नाही. पांढरे बूट नकोतच.

फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.