नदीचे मासे साफ करताना या चुका टाळा

मृगाचा पाऊस लागला की खानापूरकडच्या ओढ्यांना चढणीचे मासे येतात. बोटाएवढी मासळी मीठ लावून घासायची, दोन पाण्यांनी धुवायची आणि अख्खी तव्यावर टाकायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण पाण्यातलं बारीक प्लास्टिक माशाच्या पोटात असू शकतं.

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. मासा ते खाद्याबरोबर गिळतो. ते जास्त करून आतड्यात आणि कल्ल्यांत सापडतात. अगदी बारीक कण मांसातही आढळलेत, पण कमी. म्हणजे बाहेरून कितीही घासा, पोटातलं पोटातच राहतं. बारक्या माशाचं पोटही नखानं दाबून निघतं. वेळ जातो, कंटाळा येतो, हे खरं. सुकी मासळी भाजण्याआधीसुद्धा डोकं आणि पोट मोडून टाका. गाभोळी मात्र ठेवा, ती टाकायला कुणाचं मन होतंय?

"उकळलं की सगळं मरतंय की!" असं हमखास ऐकू येतं. मरतात ते जंतू. प्लास्टिक उकळून जात नाही, रश्शात तसंच राहतं.

रोहू, कटला, मृगळ घरी कापताना सुरी खोल घालू नका. आतडी फुटली की आतली घाण मांसाला लागते. बरेच जण आधी धुतात आणि मग पोट काढतात. पोट काढल्यावर आतून पुन्हा धुवायला हवं. डोक्याचं कालवण करणार असाल तर कल्ले उपटून टाका. आणि प्लास्टिकच्या पाटावर कापलं तर सुरीनं त्याचाच भुगा माशात जातो. विळी बरी.

"हिडकल धरणाचं पाणी नितळ, तिथला मासा चांगला" हाही भरवसा नको. पिशवीचा तरंगणारा तुकडा शेवाळ चढून जड झाला की तळाला बसतो, आणि मृगळ तर तळातलंच खातो. टेरिलीनही प्लास्टिकच, घाटावर टेरिलीनचे कपडे धुताना सुटणारे धागे डोळ्यांना दिसतही नाहीत.

गरम रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणू नका, स्टीलचा डबा न्या. काढलेली आतडी कॅरीबॅगेत बांधून पुलावरून मलप्रभेत फेकणारेही आहेत. आतडी परसात पुरा, वर दगड ठेवा, नाहीतर मांजर उकरतंय.