पॉलिमर क्लेचे मणी: मळण्यापासून भाजण्यापर्यंत

पॉलिमर क्लेला क्ले म्हणत असले, तरी तिचे गुण मातीचे नसून प्लास्टिकचे आहेत. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर हा द्रव आणि रंग हे तिचे मुख्य घटक असल्यामुळे ती उघड्यावर ठेवून वाळत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसची उष्णता पुरेसा वेळ मिळाल्यावरच तिच्यातील कण एकजीव होऊन ती टणक होते. घरी केलेले मणी तुटतात ते बहुतेकदा कमी भाजल्यामुळे, आणि कमी भाजले जातात ते जळण्याच्या धास्तीमुळे.

प्रथम क्ले थोडी थोडी घेऊन चांगली मळावी. ताणल्यावर किंवा दुमडल्यावर तिला कडेने चिरा पडत असतील, तर अजून मळणे बाकी आहे असे समजावे. मळताना घडीत हवा अडकली, तर भाजल्यावर पृष्ठभागावर फुगे दिसतात. पांढऱ्या रंगावर बोटांची धूळ आणि कपड्यांचे तंतू लगेच चिकटतात. म्हणून फिके रंग आधी हाताळावेत आणि रंग बदलताना ओल्या वाइपने हात पुसावेत.

मणी एकसारखे हवे असतील, तर नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. क्लेची सारख्या जाडीची वळी करून पट्टीच्या खुणांवर धारदार ब्लेडने तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकडा दोन तळव्यांमध्ये आधी जरा दाबून, मग दाब हळूहळू कमी करत गोल फिरवला, की जोड नाहीसा होतो.

भोक पाडणे हे यातील सर्वांत नाजूक काम आहे. नुकताच वळलेला मणी हाताच्या उबेने मऊ झालेला असतो आणि सुई टोचताच चपटा होतो, त्यामुळे तो थोडा वेळ गार होऊ द्यावा. नंतर मणी चिमटीत हलके धरून सुई न ढकलता गिरमिटासारखी फिरवत आत न्यावी. पलीकडे तिचे टोक जेमतेम दिसले, की ती बाहेर काढून त्या ठिपक्यातून उलट दिशेने घालावी. म्हणजे भोकाभोवती ओठासारखी कड उभी राहत नाही.

माझे पहिले मणी मी गुळगुळीत टाइलवर ठेवून भाजले होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक चपटा, चकचकीत डाग उमटला. तेव्हापासून मी ते जाड तारेत ओवून, तार ट्रेच्या दोन्ही काठांवर टेकवून अधांतरी ठेवते. तार नसेल, तर पंख्यासारख्या घड्या घातलेल्या कागदाच्या खाचांतही ते ठेवता येतात.

तापमान आणि वेळ पाकिटावर दिलेलीच पाळावी, कारण ती ब्रँडनुसार बदलते. अनेक पाकिटांवर ६ मिलिमीटर जाडीला १५ ते ३० मिनिटे सांगितलेली असतात. ओव्हनच्या बटणावरचा आकडा मात्र पुष्कळदा खोटा असतो, म्हणून आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवून, तापमान स्थिर झाल्यावरच ट्रे आत सारावा. फिके रंग तपकिरी पडू नयेत म्हणून ट्रेवर फॉइलचे सैल झाकण घालावे. तापमान योग्य असेल, तर दहा-पंधरा मिनिटे जास्त भाजल्याने सहसा बिघडत नाही. घात होतो तो जास्त तापमानाने. क्ले जळू लागली, तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. अशा वेळी ओव्हन बंद करून, खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे. मायक्रोवेव्ह या कामासाठी वापरू नये आणि क्लेला लागलेली साधने पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत.

मण्यांसोबत त्याच क्लेची एक पातळ पट्टीही भाजावी. गरम असताना मणी मऊच लागतात, त्यामुळे पूर्ण गार झाल्यावर ती पट्टी वाकवून पाहावी. ती जराशा बाकातच कच्चकन मोडली, तर भाजणे अपुरे राहिले असण्याचा संभव असतो, आणि तेच मणी पुन्हा ओव्हनमध्ये ठेवता येतात.

चकाकी हवी असल्यास ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा वॉटर पेपर क्रमाने, पाण्यात बुडवून घासावा, म्हणजे पूड उडत नाही. शेवटी जीन्सच्या कापडाने मणी चोळावेत. वॉर्निश लावायचे असेल, तर ते पाण्यावर आधारित असावे. नेलपॉलिशने पृष्ठभाग काही काळाने चिकट होतो.