बॅरन आयलंडचा ज्वालामुखी सॅटेलाइटवरून कसा बघायचा

अंदमानातलं बॅरन आयलंड म्हणजे आपल्या देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी, सुमारे दीडशे वर्षं गप्प राहून १९९१ ला जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोय. घरबसल्या आणि फुकट बघता येतो.

कोपर्निकस ब्राउझर (युरोपच्या सॅटेलाइट चित्रांची फुकट वेबसाइट) उघडा, १२.२८ उत्तर, ९३.८६ पूर्व टाका, सेंटिनेल-२ हा सॅटेलाइट निवडा, त्यात एल१सी (हवेचा परिणाम न काढलेलं चित्र) घ्या.

क्लाउड कव्हर, म्हणजे चित्रात जास्तीत जास्त किती ढग चालतील तो फिल्टर, २० टक्क्यांवर ठेवा असं जो तो सांगतो. अजिबात ठेवू नका! ती टक्केवारी शंभरेक किलोमीटरच्या अख्ख्या टाइलची (चित्राच्या चौकोनी तुकड्याची) असते आणि बेट आहे जेमतेम तीन किलोमीटरचं, त्यामुळे ८० टक्के ढगाळ सीनमध्येही (एका तारखेच्या चित्रातही) बेट लख्ख उघडं सापडतं आणि फिल्टर नेमका तोच सीन फेकून देतो. थेट १०० करा आणि एकेक तारीख डोळ्यांनी बघा.

मग कस्टममध्ये (स्वतः रंग निवडायच्या पर्यायात) लाल, हिरव्या, निळ्याच्या जागी बँड १२, ११ आणि ८ए लावा, हे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे पट्टे आहेत. समुद्र काळा, झाडी निळसर, आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी काही तापलेलं असेल तर लाल, जास्त तापलेलं असेल तर पिवळं.

आता खरी गोची. पांढरं दिसतंय ते धूर की ढग? मी सुरुवातीला इथेच फसलो, बेटावर पांढरा झुबका दिसला की उद्रेक समजून लोकांना पाठवत सुटायचो, आणि दोनदा तो साधा ढग निघाला, तेव्हापासून खात्री केल्याशिवाय एक चित्र पुढे पाठवत नाही. समुद्रातला कुठलाही डोंगर वारा अडवून स्वतःचा ढग तयार करतो. उत्तरेला नारकोंडम नावाचं ज्वालामुखीचंच बेट आहे, तिथे हल्ली काही उद्रेक नाही तरी माथ्यावर ढगाची टोपी असतेच, त्याच दिवशी तिथेही तसंच दिसत असेल तर थांबा.

मग सावली बघा, माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे. सॅटेलाइट सकाळी दहाच्या आसपास जातो, सूर्य पूर्वेकडे असतो, म्हणजे सावल्या पश्चिमेकडे पडतात. सुटा ढग आणि त्याची सावली यांच्यामध्ये फट असते, पण तोंडातून वर येणाऱ्या धुराची सावली बुडाशी त्याला चिकटलेली असते. शिवाय धूर एका टोकापासून सुरू होऊन वाऱ्याबरोबर रुंदावत जातो. झूम करा, टोक नेमकं तोंडावर येतंय का बघा. शंभर मीटर बाजूला असेल तर मी तो धूर मानत नाही.

लाल ठिपक्यालाही हाच नियम. एक पिक्सेल २० मीटरचा असतो, एखादा सुटा लाल पिक्सेल बघून लाव्हा लाव्हा करू नका, मागच्या-पुढच्या दोन तारखांना तो तिथेच आहे का बघा. उन्हाची चकाकी असेल तर ती साध्या रंगीत चित्रातही पांढरी चमकते, तापलेला खडक तसा चमकत नाही.

ज्वालामुखीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूसाठी सेंटिनेल-५पी या दुसऱ्या सॅटेलाइटची लेयर आहे, पण तिचा एक पिक्सेल काही किलोमीटरचा, बॅरनच्या छोट्या धुराचा तिथे बहुतेकदा पत्ताच लागत नाही. लेयर कोरी दिसली म्हणून ज्वालामुखी शांत आहे असं कृपया कुणाला सांगू नका.

सीन साधारण पाच दिवसांनी येतो, पावसाळ्यात महिना महिना नुसते ढग. मधल्या दिवसांसाठी नासाच्या फर्म्स नकाशावर (आगी आणि तापलेल्या जागा दाखवणारी वेबसाइट) व्हीआयआयआरएस या सॅटेलाइटवरच्या उपकरणाने टिपलेले रात्रीचे ठिपके बघा.