माइक साउंडहोलसमोरून हलवा

घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना बरेचजण माइक थेट साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल छिद्रासमोर ठेवतात. तिथे आवाज मोठा मिळतो खरा, पण खर्जाचा घुमारा इतका वाढतो की तारांचा नाद त्यात बुडून जातो. माइक १२व्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीसमोर), साधारण २० ते ३० सेंटीमीटरवर लावा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक जितका जवळ, तितका खर्ज फुगतो. म्हणून आवाज जड वाटला तर इक्वलायझरला (खर्ज, तीव्र आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी माइक चार बोटं मागे घ्या. मग हेडफोन घालून वाजवता वाजवता स्वतःच किंचित पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरका. नेमकी जागा सापडली की कानाला लगेच कळतं. माझ्या मते ही पाच मिनिटं महागड्या माइकपेक्षा मोलाची आहेत.

पंखा बंद हवाच. भिंतीला खेटून बसू नका; खोलीत जाड पडदे, गादी असेल तर आवाज कमी घुमतो. रेकॉर्डिंगची लेव्हल अशी ठेवा की सर्वांत जोरदार स्ट्रोकही मीटरवर (जिथे शून्य ही कमाल मर्यादा असते) उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल.

दोन माइक लावले असतील तर रेकॉर्डिंग एकदा मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही माइकचा आवाज एकत्र करून ऐका. आवाज अचानक पातळ, पोकळ वाटला तर दोघांची फेज जुळत नाहीये, म्हणजे दोन्हींच्या ध्वनिलहरी एकमेकींना खोडतायत. एक माइक थोडा सरकवून पुन्हा ऐका.