जिमनीचे टायर बदलताय? आधी रिमची रुंदी बघा

आधी टायर ठरवायचा, रिम नंतर. मारुतीच्या जिमनीला कंपनीकडून 195/80 आर 15 टायर (रुंदी 195 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिमचा व्यास 15 इंच) आणि 5.5 इंच रुंदीची रिम येते. रिमवरचा आकडा सापडला नाही म्हणून टेप लावायची वेळ आलीच, तर कडेपासून कडेपर्यंत मोजू नका. रिमची रुंदी म्हणजे टायरची बीड (रिमला घट्ट धरणारी आतली कड) जिथे टेकते त्या दोन कडांच्या आतलं अंतर. बाहेरून मोजलं की जवळपास इंचभर जास्त भरतं.

मग टायर कंपनीचा तक्ता उघडा. 215/75 आर 15 ला 5.5 ते 7 इंची रिम चालते, म्हणजे तो मूळ रिमवर बसतो, पण अगदी खालच्या टोकाला. 235/75 आर 15 ला 6 ते 8 इंच लागतात. तो 5.5 वर चढवून देणारे भेटतात, हवाही टिकते. पण साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फुगते, वळणावर गाडी डुलते आणि टायर मधोमध झिजतो. 8 इंची रिमवर उलटं होतं: साइडवॉल ताणली जाते, रिमची कड उघडी पडते आणि पहिल्याच दगडाचा मार तिलाच बसतो. चिखलात, खडकांत हवा 15-18 पीएसआयपर्यंत उतरवणार असाल, तर मर्यादेतली अरुंद रिमच घ्या, बीड सहजी सुटत नाही. 235 ला 6 किंवा 6.5 पुरे. रुंद रिम पार्किंगमध्ये शोभते, एवढंच.

टायर कुठे घासेल याचा हिशेब आधी मांडा. ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर) तोच ठेवून 5.5 वरून 7 वर गेलात, तर रिम आत 19 आणि बाहेर 19 मिमी सरकते. ऑफसेट 5 मिमीने कमी केला की चाक तेवढंच आणखी बाहेर येतं. 235 चा व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे 40 मिमी जास्त, म्हणून पाचही टायर घेण्याआधी एक पुढे बसवून बघा: स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, एक चाक उंचवट्यावर चढवा आणि लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर), बंपर, मड फ्लॅप तपासा. स्पीडोमीटरही मागे पडेल. 80 दाखवेल तेव्हा वेग आधीपेक्षा जवळपास 5 किमीने जास्त असेल.

जिमनीच्या चाकाला बोल्ट पाच, ते बसतात त्या वर्तुळाचा व्यास 139.7 मिमी. थारचं वर्तुळ तेवढंच, पण बोल्ट सहा, त्यामुळे तिची रिम चालत नाही. नट नव्या रिमच्या खाचेला जुळणारेच हवेत. 50-100 किमीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.

स्टेपनी विसरू नका. फोर-व्हील लावल्यावर चारही चाकांचा घेर सारखा लागतो, नाहीतर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ताण येतो.

शेवटी हवेचा दाब. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा आणि सपाट डांबरावर वीसेक मीटर सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा थोडी कमी करा, कडेची पुसली तर वाढवा.